सात फडकी आणि एक पिवळा दिवा

१

शाळेसाठी केलेले चाळीस बाक, पॉलिशची खोली आणि तिच्यापुढचा पत्र्याचा आडोसा, एवढं सगळं भर दुपारी तासाभरात जळून गेलं. माणूस कुणी भाजला नाही, हीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट. टेकडीवरच्या त्या लाकूडकामाच्या कारखान्यात सहा माणसं कामाला आहेत. आग लागली तेव्हा सगळी मागच्या अंगणात जेवत होती. आग विझवायला आलेल्यांनी राख उपसली, आडोशाच्या मधोमध तेलाची फडकी सापडली आणि निकाल लागला. जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं बोळा करून टाकलं, तर ते आपोआप तापत जातं आणि एखाद्या वेळी पेटतं. लाकूडकामातल्या माणसाला हे नव्याने सांगावं लागत नाही.

तेलाची फडकी म्हणजे पॉलिशकाका. सत्तरी ओलांडलेले, कारखान्यामागच्या एका खोलीत एकटेच राहणारे. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून पॉलिशच्या खोलीची किल्ली मालकांपुढे ठेवली. खोलीच राहिली नव्हती, तर किल्लीचं काय करायचं हे मालकांनाही सुचेना. काका म्हणाले, "माझ्याच हातून झालं असणार. मला आठवत नाही, पण असणार."

मी त्या टेकडीच्या पायथ्याशी गॅरेज चालवतो. लहानपणापासून हातात पाना, म्हणून सगळे मला पान्या म्हणतात. गाड्यांतलं मला कळतं, असं लोक म्हणतात आणि मीही ते खोडून काढत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की लोकांचे चेहरे उतरतात. मी यंत्र जोडतो, बटण दाबतो, दोन मिनिटांत दिवा गायब. त्याचं मी काही घेतही नाही. आमच्या भागातल्या निम्म्या गाड्यांचे दिवे मी असे घालवलेत आणि त्यावर पुष्कळ धन्यवाद गोळा केलेत.

काकांची बातमी मी घरी जेवताना सांगितली, तशी ताईने ताट बाजूला सारलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होती. कुठल्या बाटलीत काय आहे हे ती बूच न काढता सांगायची आणि मास्तरांची चूक झाली तर मुलांसमोर सांगायची. तीस वर्षांपूर्वी काका प्रयोगशाळेची टेबलं पॉलिश करायला आले, तेव्हा फडकी पाणी भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावायची सवय तिनेच त्यांना लावली होती.

"ती फडकी कुठे आहेत?" तिने विचारलं. मी म्हटलं, मालकांनी पिशवीत भरून ठेवलीत, पुरावा म्हणून.

"म्हणजे ती शिल्लक आहेत," ताई म्हणाली. "ज्या फडक्याने आग लागते, ते फडकं पिशवीत भरायला उरतं का रे?"

२

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. काका आपल्या खोलीत सामान बांधत बसले होते. सामान कसलं, दोन पेट्या आणि एक घडीची खुर्ची. त्यांची मुलगी परगावी असते. आगीचं कळल्यावर तिने ठरवून टाकलं होतं की विसरायला लागलेल्या माणसाने एकटं राहायचं नाही. तिच्या गावात म्हाताऱ्यांना ठेवून घेणारं एक घर आहे. तिथे तिने जागा बघितली होती. सोमवारी ती न्यायला येणार होती. त्या दिवशी गुरुवार होता.

मुलीचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण काकांकडे बघवत नव्हतं. आम्ही अर्धा तास बसलो, तेवढ्यात त्यांनी मला तीनदा विचारलं, मी दार लावलं का, मी नळ बंद केला का. एवढा हाताचा पक्का माणूस, डोळे मिटून सागवानाचा आणि शिसवीचा फरक बोटांनी सांगणारा, आणि आता तो स्वतःच्या हातावर पाळत ठेवून होता. कारखाना जळाला त्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

ताईने त्यांना त्या दिवसाचं काम पहिल्यापासून सांगायला लावलं. काका रोज सकाळी जुन्या चादरीची सात फडकी फाडतात. सातच का, तर डब्यात तेवढीच नीट बुडतात. दुपारी जेवायला जाताना सातही मोजून डब्यात टाकायची आणि झाकण दाबून बसवायचं. डबा पॉलिशच्या खोलीच्या दाराशी असतो. आगीनंतर तो आडोशात सापडला होता, उघडा, रिकामा आणि चेपलेला.

"त्या दिवशी झाकण लावलंत?" ताईने विचारलं.

"लावलं असं वाटतं. पण वाटण्याला काय अर्थ आहे, ताई? डबा उघडा होता, हे सगळ्यांनी बघितलंय."

नंतर ताईने ती पिशवी मागून घेतली आणि फडकी अंगणातल्या फरशीवर एकेक पसरली. मोजली, तर सात. सातही वरच्या अंगाला करपलेली होती आणि खालचं अंग चांगलं शाबूत होतं, चादरीवरची निळी रेघसुद्धा दिसत होती. आतून ती अजून दमट होती. ताई बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत राहिली.

मग उठून म्हणाली, "ही इथे आली तेव्हा ओलीचिंब होती, खालची आग त्यांच्याखालीच विझली. पान्या, आग आधी लागली. फडकी नंतर आली. ती कुणीतरी आणून टाकली."

३

कुणीतरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला, मालकांचा जावई. जावईबापू कचेरीत बसतात. हाताने पॉलिश करण्यात दिवस जातात, यंत्राने फवारा मारला की तासात काम होतं, हे ते वर्षभर सासऱ्यांना पटवत होते. पॉलिशची खोली जळाली आणि काका चालले, तर त्यांची वाट आपोआप मोकळी होणार होती. शिवाय आग लागली तेव्हा ते इतरांबरोबर जेवत नव्हते. मी हे ताईला सांगितलं, तर ती म्हणाली की माणूस आवडत नाही एवढ्यावरून त्याला काडी लावायला पाठवू नकोस.

जावईबापू आधी बरेच आढेवेढे घेत राहिले. कचेरीत होतो म्हणाले, मग हिशेब बघत होतो म्हणाले. ताईने नुसता हवेत वास घेतला आणि विचारलं की हल्ली बडीशेप इतकी का खाता. मग मात्र गडी नरमला. ते कारखान्याच्या मागच्या भिंतीशी सिगारेट ओढत होते. सासऱ्यांपुढे शब्द दिलेला आहे, लग्नाच्या आधीच, म्हणून हे चोरून चालतं. थोटूक त्यांनी रोजच्यासारखं वाळूच्या कुंडीत खोचलं होतं. आम्ही जाऊन बघितलं. कुंडीत थोटकांचं एक छोटंसं शेतच उगवलं होतं. तिथून आडोसा चांगला साठ पावलं लांब, आणि मधे दोन भिंती.

"पकडले जाल असं वाटत नाही का?" मी जरा खवचटपणे विचारलं.

"बाबांची गाडी चढावर आली की आवाज येतो ना," ते म्हणाले. "पूर्वी आवाज आल्यापासून अर्ध्या मिनिटात गाडी दारात असायची, धांदल व्हायची. दोन महिन्यांपासून आरामात संपवता येते. गाडी पहिल्या गिअरमध्ये रडतरखडत येते. तीन-तीन मिनिटं लागतात."

मी हसलो. ताई हसली नाही. तिने विचारलं की आगीच्या दिवशी गाडी आली होती का. आली होती, ते म्हणाले. सव्वाच्या सुमाराला मालक बिजागऱ्यांची आणि स्क्रूची खोकी घेऊन आले, गाडी नेहमीप्रमाणे आडोशात घातली, खोकी उतरवली आणि दीडच्या आधी पुन्हा खाली गेले. धूर दिसला तो दोनला दहा मिनिटं कमी असताना.

"पण ताई, त्यात काही नाही. आग लागली तेव्हा गाडी तिथे नव्हतीच."

४

वहिनींचं, म्हणजे मालकिणीचं घर कारखान्याला लागूनच आहे. आम्ही गेलो तर दोन माणसं मोरीचं तोंड उघडून आत बांबू घालत होती. वहिनी पदर नाकाला लावून उभ्या होत्या. महिन्यात तिसऱ्यांदा मोरी साफ करवताहेत म्हणाल्या, पण घाण वास काही जात नाही. कुजलेल्या अंड्यांचा वास. सकाळी नसतो, दुपारी एकदम येतो आणि संध्याकाळी पुन्हा येतो.

"दादा घरी येतात तेव्हा?" ताईने विचारलं. मालकांना आम्ही दादा म्हणतो.

वहिनी जरा रागावल्या. नवरा कसाही असला तरी दुसऱ्याने असं बोललेलं कुणाला आवडतं? मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. खरंच तेव्हाच येतो, त्या म्हणाल्या, हे डोक्यातच आलं नाही. ताईने मोरीपाशी वाकून दोनदा वास घेतला आणि त्या माणसांना सांगितलं की बाबांनो, घरी जा, इथे साबणाखेरीज काही नाही.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. गाडी चढावर बसते, गाडीमागे अंड्यांचा वास येतो. आमच्या धंद्यात शिकायला आलेल्याने पहिल्या सहा महिन्यांत ओळखावं असं हे आहे. पण मी मनात जावईबापूंना धरून बसलो होतो, आणि एकदा चोर ठरवला की माणूस पावलं मोजायचं सोडून देतो.

ताईचं लक्ष मात्र वहिनींच्या उजव्या हाताकडे गेलं. मधल्या बोटाला पट्टी होती. भाजलं का, तिने विचारलं. नाही, नख मुळापासून उचकटलं, वहिनी म्हणाल्या. आगीच्या वेळचंच. धूर बघून त्या धावत आल्या, जवळ पाण्याचं काही दिसेना, दाराशी एक डबा होता, तो हलवल्यावर आत पाणी हिंदकळलं. पण झाकण काही केल्या निघेना.

"मग?"

"मग काय, जीव खाऊन ओढलं, नख गेलं, पण निघालं. होतं नव्हतं ते सगळं आगीवर ओतलं आणि डबाही तिकडेच भिरकावला." वहिनी बोलता बोलता थांबल्या. त्यांनी पट्टीकडे बघितलं आणि मग आमच्याकडे. "तो काकांचा डबा होता का?"

ताई म्हणाली की होय, तोच. वहिनी पायरीवर बसल्या. झाकण घट्ट होतं हे सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. लगेच काकांकडे जाऊन सांगते म्हणून त्या उठल्या, पण ताईने त्यांचा हात धरला.

"आत्ता सांगितलंत तर ते म्हणतील, आठवं फडकं कुठेतरी पडलं असेल. त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडालाय, वहिनी. आग कशाने लागली हे हातात घेऊनच त्यांच्यापुढे जायला हवं."

५

शुक्रवारी संध्याकाळी मी दादांना गाडी घेऊन गॅरेजमध्ये बोलावलं. बारा वर्षांची पेट्रोल गाडी, चाकं सोडली तर सगळं मूळचं. दादा गाडीतून उतरले, पण इंजिन बंद केलं नाही. एकदा गरम झाली की बंद केल्यावर लवकर चालू होत नाही, म्हणून थोड्या वेळासाठी असेल तर चालूच ठेवतो म्हणाले. ताईने माझ्याकडे बघितलं.

तिने त्यांना बसवून चहा दिला आणि गाडीची तब्येत विचारली, एखाद्या नातेवाइकाची विचारावी तशी. दादा मोकळेपणाने बोलले. पेट्रोल जास्त पितेय. सकाळी चालू करताना खालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. सायलेन्सरवरचा पत्रा सैल झाला असेल, मी रेडिओ मोठा करतो. बाकी काही नाही. आगीच्या दिवशी आडोशात किती वेळ उभी होती? पंधरा मिनिटं असेल, खोकी जड होती. इंजिन? चालूच होतं. खाली जमिनीवर काय होतं? दादा जरा आठवू लागले. बाकांसाठी चार दिवस रंधा चालला होता, पोती संपली होती, म्हणून रंध्याच्या सालपट्या माणसांनी आडोशातच लोटल्या होत्या. घोट्याच्या वर आल्या होत्या म्हणाले.

मी गाडी खड्ड्यावर घेतली, इंजिन बंद करून जरा निवू दिली आणि दिवा घेऊन खाली उतरलो. इंजिनातून निघणारा धूर सायलेन्सरकडे जाताना वाटेत एका लोखंडी डब्यातून जातो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आम्ही नुसतं कन्व्हर्टर म्हणतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मातीची जाळी असते, धुरातलं विष तिथे बरंचसं मारलं जातं. चांगल्या गाडीचा हा डबा मातकट राखाडी असतो. हा निळा-जांभळा पडला होता. मी रबरी हातोडीने टिचकी मारली. आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. जाळीचे तुकडे झाले होते. वरचा पत्रा खरंच सैल होता, आणि त्या पत्र्याच्या घडीत काहीतरी काळं अडकलं होतं. चिमट्याने काढलं. लाकडाची सालपटी होती, कोळसा झालेली, पण अजून गोल वळलेली.

ताईला तेवढ्याने समाधान होईना. प्रयोग केल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, ही तिची जुनी शिस्त. तिने दादांकडून ताज्या सालपट्यांची एक गोणी मागवली, एका पत्र्याच्या पाटीत त्या भरल्या आणि पाटी विटा लावून कन्व्हर्टरला टेकेल इतकी वर घेतली. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. मग मला गाडी चालू करायला सांगितलं आणि घड्याळ हातात घेऊन उभी राहिली. अकराव्या मिनिटाला खड्ड्यातल्या अंधारात तो डबा मंद लाल दिसायला लागला. पंधराव्या मिनिटाला तिने गाडी पुढे घ्यायला लावली.

पाटीत काहीच दिसत नव्हतं. फार तर एक तपकिरी डाग आणि कागद करपल्यासारखा बारीक वास. दादा म्हणाले, बघा, काही नाही. आम्ही तिघं त्या पाटीकडे बघत बसलो. डाग हळूहळू आत उतरत होता, वरच्या सालपट्या मात्र पांढऱ्याच होत्या. गाडी हलवल्यापासून पंचविसाव्या मिनिटाला दारातून वाऱ्याची झुळूक आली आणि पाटी भप्पकन पेटली.

दादांनी कप खाली ठेवला आणि बोटांवर हिशेब केला. दीडच्या आधी गाडी गेली, दोनला दहा कमी असताना धूर दिसला. गणित जुळत होतं.

"ताई," ते म्हणाले, "मला कसं कळणार होतं? मी तर दिवा लागला की लगेच इथे आणत होतो."

"कुठला दिवा?" ताईने विचारलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं.

६

ते गेल्यावर ताईने माझं यंत्र मागितलं. मी म्हटलं, त्यात काय बघायचंय. तिने नुसता हात पुढे केला.

काही जुळायचं राहिलं होतं असं नाही. मी आधीच तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून बघितला होता. काळाकुट्ट आणि पेट्रोलने ओला. तिथे ठिणगी नीट पडत नव्हती, तिथलं पेट्रोल न जळता पुढे जात होतं आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत होतं. डबा त्यामुळे तापून लाल होत होता. जाळी वितळून फुटली, म्हणून खडे वाजत होते. तुकड्यांनी वाट तुंबली, म्हणून धूर बाहेर पडेना आणि गाडी चढावर रडत होती. डबा आपलं काम करेना, म्हणून अंड्यांचा वास. जावयाला चढाव कळला, बायकोला वास कळला, मालकांना आवाज कळला. तिघांनी आपापल्या परीने सोय लावली. एकाने सिगारेट आरामात संपवली, एकीने मोरी उपसली, एकाने रेडिओ मोठा केला. या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आणू शकेल असा माणूस सगळ्या गावात एकच होता, आणि तो मी होतो.

यंत्राला विसरता येत नाही. जोडलेली प्रत्येक गाडी, तारीख, वेळ, सापडलेला दोष आणि त्यापुढे काय केलं, सगळं त्यात राहतं. ताईने चष्मा लावून शोधलं. दादांची गाडी गेल्या तीन महिन्यांत तीनदा आली होती. तिन्ही वेळा यंत्राने एकच गोष्ट सांगितली होती, तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय. तिन्ही वेळा त्यापुढे नोंद होती, पुसले. शेवटची तारीख आगीच्या पाच दिवस आधीची होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर टेकडीला दोन दिवस वळसे घातले होते.

मला प्रत्येक वेळ आठवत होती. पहिल्यांदा दादांना घाई होती. दुसऱ्यांदा मला होती. तिसऱ्यांदा कुणालाच नव्हती. आम्ही गप्पा मारत होतो आणि गप्पा मारता मारता मी बटण दाबलं. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचलंही नव्हतं. ते म्हणाले, तुझ्यासारखा माणूस नाही. मला बरं वाटलं होतं.

"हे कुणाला दाखवायची गरज नाही," मी म्हटलं. "कन्व्हर्टर बिघडला, आग लागली, काका सुटले. एवढं पुरे आहे."

ताईने यंत्र टेबलावर ठेवलं. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"काकांनी न केलेली चूक चार लोकांसमोर कबूल केली," ती म्हणाली. "तू तुझं बघ."

७

सोमवारी सकाळी काकांची मुलगी आली होती. पेट्या अंगणात आणून ठेवलेल्या. दादा, वहिनी, जावईबापू, कामावरची माणसं, सगळी होती. निरोप द्यायला जमलेले लोक उभे राहतात तसे, कुणी कुणाकडे न बघता. काका घडीच्या खुर्चीवर बसून पुन्हा पुन्हा खिसे चाचपत होते.

ताईने फडकी दाखवली, वहिनींनी बोटावरची पट्टी दाखवली. मी कन्व्हर्टर काढून आणला होता, तो फरशीवर ठेवला, फुटलेली जाळी ओतून दाखवली, पाटी कशी पेटली ते सांगितलं. जावईबापूंनी साक्ष म्हणून आपली सिगारेटही जाहीर करून टाकली. सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की तो हिशेब नंतर होणार, हे सगळ्यांना कळलं.

तिथे थांबता आलं असतं. सगळे सुटकेने एकमेकांकडे बघायला लागले होते. दादा पुढे होऊन काकांची माफी मागत होते. मी म्हटलं, अजून संपलं नाही, आणि यंत्र चालू करून मुलीच्या हातात दिलं. परकी असल्यामुळे तीच ते स्वच्छ वाचेल असं वाटलं. तिने तिन्ही तारखा मोठ्याने वाचल्या, दोष वाचला, पुढचा शब्द वाचला. तीनदा. मग विचारलं, "हे कुणी पुसलं?"

"मी," मी म्हणालो.

दादांनी मान फिरवली. त्यांचे चाळीस बाक होते ते. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडून मान फिरवलेली मी पहिल्यांदा बघितली, आणि त्यांचं बरोबरच होतं.

काका खुर्चीतून उठले. ते माझ्याकडे आलेच नाहीत, ते वहिनींकडे गेले. "झाकण घट्ट होतं?" त्यांनी विचारलं.

"इतकं घट्ट, की नख गेलं माझं."

"आणि फडकी सात?"

"सात," ताई म्हणाली. "मी मोजली."

काकांनी मान हलवली, अगदी हळू. एखादी वस्तू जागच्या जागी आहे हे बघून माणूस हलवतो तशी. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. मग ते माझ्याकडे वळले.

"तीनदा विसरलास, पान्या?"

"विसरलो नाही, काका. बघितलंच नव्हतं."

ते रागावले नाहीत. मला वाटतं त्यांना माझी दया आली, आणि ती मला अजून पचलेली नाही. मग त्यांनी मुलीला सांगितलं की पेट्या आत ठेव, दोन दिवस राहा आणि मी काय विसरतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून जा. ती काही वेळ कन्व्हर्टरच्या तुकड्यांकडे बघत उभी राहिली आणि मग तिने एक पेटी उचलली.

बाक पुन्हा करायला घेतले आहेत. मी रोज संध्याकाळी वर जाऊन पॉलिश-कागद मारतो. दादा अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. काल दिवसातल्या शेवटच्या दोन बाकांना तेल लावून झालं, तेव्हा काकांनी फडकी गोळा केली. पुटपुटत मोजली, नव्या डब्यात बुडवली, झाकण तळहाताने दाबून बसवलं आणि हात पुसत घराकडे निघाले. मी वाट बघत होतो की आता वळतील, मला विचारतील, झाकण लावलं का रे.

ते वळले नाहीत.